शाळेच्या दारातला पोलीस: त्याचे काम कोणते आणि कोणते नाही

ऑगस्ट २०२५ मध्ये अहमदाबादच्या एका शाळेबाहेर दहावीतल्या मुलावर त्याच शाळेतल्या, त्याच्याहून लहान मुलाने चाकूने वार केले आणि तो दगावला. दुसऱ्या दिवशी संतापलेल्या जमावाने शाळेची तोडफोड केली. त्या आठवड्यात आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात शाळा सुटायच्या वेळी, मुलांची ने-आण करणाऱ्या वर्धीच्या रिक्षांच्या गर्दीत मुलांची वाट पाहत उभ्या असलेल्या पालकांच्या तोंडी एकच मागणी होती, की आता प्रत्येक शाळेत एक पोलीस कायमचा बसवावा. त्याच वर्षी जानेवारीत बडोद्यातल्या एका शाळेला बॉम्बची धमकी देणारा ईमेल आला होता आणि बॉम्बशोधक पथकाने शाळेची तपासणी केली होती. पालकांच्या मनातून तेही गेलेले नव्हते.

ही मागणी काळजीपोटी आलेली आहे आणि ती थट्टेवारी नेण्यासारखी मुळीच नाही. पण पोलीस शाळेत बसला तर तो दिवसभर काय करील, त्याला मुलांवर कोणते अधिकार असतील, आणि शिक्षकांचे कोणते काम त्याच्याकडे सरकेल, हे प्रश्न त्या गर्दीत कुणी विचारले नाहीत. मी सव्वीस वर्षे बडोद्याच्या शाळांतून शिकवले आहे, आणि ज्या देशांनी हा प्रयोग केला त्यांचा अनुभव व आपला कायदा या दोन्हींवरून या प्रश्नांची उत्तरे बऱ्यापैकी स्पष्ट मिळतात, असे मला वाटते.

'शाळेतला पोलीस' म्हणजे नेमका कोण?

आपण हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या माणसांसाठी वापरतो. पहिला असतो शाळा भरताना आणि सुटताना रस्त्यावर गर्दी आवरणारा पोलीस. दुसरा वर्षातून एकदोनदा शाळेत येऊन वाहतुकीचे नियम, मोबाइलवरची फसवणूक किंवा मुलींची सुरक्षितता यांवर बोलून जातो. आपल्या शहर पोलिसांची 'शी टीम' पालकांच्या परिचयाची आहे, ती या दुसऱ्या प्रकारात येते. तिसरा म्हणजे शाळेच्या आवारातच ज्याची नेमणूक असते, ज्याला तिथे खोली आणि टेबल असते आणि जो रोज मुलांमध्ये वावरतो.

पालक मागत होते तो हा तिसरा, आणि तो मुळात अमेरिकेतला आहे. तिथे त्याला 'स्कूल रिसोर्स ऑफिसर' म्हणतात. या लेखात मी त्याला 'शाळा-पोलीस' म्हणेन. शाळेच्या फाटकावर निळा गणवेश घालून बसणारा खासगी सुरक्षारक्षक मात्र पोलीस नव्हे. त्याला पोलिसांचे अधिकार नसतात, आणि मुलांचे दप्तर तो शाळेने सांगितले म्हणून तपासतो, कायद्याने त्याला तसा वेगळा हक्क दिला आहे म्हणून नव्हे.

अमेरिकेत हे कसे सुरू झाले

१९५० च्या दशकात मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात पोलिसांनी शाळेत माणूस नेमला, तो मुलांची आणि पोलिसांची ओळख वाढावी म्हणून. हेतू सलोख्याचा होता. पुढे २० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडोतल्या कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी केलेल्या गोळीबारात १२ विद्यार्थी आणि एक शिक्षक मारले गेले, आणि देशभर शाळांत पोलीस नेमण्यासाठी केंद्र सरकारचा पैसा वाहू लागला. सलोख्यासाठी सुरू झालेली नेमणूक अशी बंदुकीच्या भीतीने पसरली. कोलंबाइनमध्येही शाळेला नेमलेला सशस्त्र पोलीस होता आणि त्याने हल्लेखोरांवर गोळ्या झाडल्या होत्या, ही गोष्ट मात्र त्या धामधुमीत मागे पडली.

या शाळा-पोलिसाला तीन कामे सांगितली गेली: कायदा राखणे, मुलांना कायदा शिकवणे आणि मुलांचा सल्लागार होणे. कागदावर हे छान दिसते. प्रत्यक्षात पहिले आणि तिसरे काम एकमेकांच्या आड येतात. 'माझा भाऊ घरी काहीतरी पुड्या आणतो' हे एखादी मुलगी मन मोकळे करण्यासाठी सांगते, तेव्हा ऐकणारा समुपदेशक असेल तर त्याने तिला धीर द्यायचा असतो, आणि तोच पोलीस असेल तर त्याने तपास सुरू करायचा असतो. ज्याच्यापाशी मन मोकळे केले तोच उद्या घरी झडतीला येणार असेल, तर परवा ती मुलगी कुणाशीच बोलणार नाही.

दूध उतू गेले की घर पेटले?

या विषयाचा सगळा गुंता गुन्हा आणि बेशिस्त यांतल्या फरकात आहे. शेगडीवर दूध उतू गेले तर आपण गॅस बारीक करतो, ओटा पुसतो, फार तर घरातल्याला दोन शब्द सुनावतो. त्यासाठी अग्निशामक दलाचा बंब कुणी बोलावत नाही. सिलिंडर गळू लागला तर मात्र क्षणभरही न थांबता बोलावतो. आता समजा, बंब रात्रंदिवस आपल्याच अंगणात उभा आहे आणि जवान ओट्याशेजारी बसलेले आहेत. मग उतू गेलेल्या दुधावरही पाण्याचा फवारा पडणार, आणि घरातल्या माणसाची गॅस बारीक करायची सवय हळूहळू मोडणार.

अमेरिकेत तेच झाले. ऑक्टोबर २०१५ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या एका वर्गात गणिताच्या तासाला एका मुलीच्या हातात मोबाइल दिसला. तिने वर्गाबाहेर जायला नकार दिला, म्हणून शाळा-पोलिसाला बोलावण्यात आले. त्याने तिला बाकासकट उलटे पाडले आणि फरफटत नेले. वर्गातल्या मुलांनी ते चित्रित केले आणि जगाने पाहिले. त्या पोलिसाची नोकरी गेली. पण ती मुलगी आणि तिच्या बाजूने बोललेली तिची वर्गमैत्रीण, या दोघींना 'शाळेच्या कामात व्यत्यय' आणल्याच्या आरोपाखाली अटक झाली होती. मोबाइल पाहणे ही बेशिस्त होती, आणि माझ्या वर्गात ती आठवड्यातून दोनदा घडत असे. शेजारी पोलीस उपलब्ध होता, एवढ्या एका कारणाने तिचा गुन्हा झाला.

हे ओझे सगळ्या मुलांवर सारखे पडले नाही. अमेरिकी शिक्षण खात्याच्या २०१५-१६ च्या आकडेवारीनुसार शाळांतल्या एकूण विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय १५ टक्के होते, आणि पोलिसांकडे सोपवलेल्या किंवा अटक झालेल्या विद्यार्थ्यांत ३१ टक्के. शाळेत पोलीस बसला तर त्याची नजर आधी कोणत्या वस्तीतल्या, कोणत्या आडनावाच्या मुलावर जाईल, हा प्रश्न आपल्या शहरानेही स्वतःला प्रामाणिकपणे विचारायला हवा.

आपल्या कायद्यात मुलांसाठीचा पोलीस आधीच आहे

भारतात शाळेच्या आत कायमचा पोलीस नेमावा असा कायदा नाही. त्याऐवजी २०१५ च्या बाल न्याय कायद्याने वेगळी व्यवस्था केली आहे. कलम १०७ प्रमाणे प्रत्येक पोलीस ठाण्यात निदान एक अधिकारी, जो सहायक उपनिरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा नसेल, मुलांच्या प्रकरणांसाठी नेमलेला असला पाहिजे. त्याला 'बाल कल्याण पोलीस अधिकारी' म्हणतात. त्याच्यावर जिल्ह्यासाठी आणि शहरासाठी विशेष बाल पोलीस पथक असते. त्याचा प्रमुख उपअधीक्षक दर्जाचा किंवा त्याहून वरचा अधिकारी असतो आणि पथकात दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, ज्यांपैकी एक स्त्री असणे बंधनकारक आहे. म्हणजे मुलांशी कसे वागायचे याचे शिक्षण घेतलेला पोलीस हवा ही कल्पना आपण मान्य केलेली आहे. त्याची जागा शाळेत नाही, ठाण्यात आहे, आणि शाळेने त्याला गरज पडेल तेव्हा बोलवायचे आहे.

अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पुढे काय होते, हेही पालकांना ठाऊक असायला हवे. सात वर्षांखालच्या मुलाचे कोणतेच कृत्य कायद्याने गुन्हा ठरत नाही. त्यापुढच्या वयाच्या मुलाला ताब्यात घेतले तरी कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे उभे करावे लागते. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल किंवा प्रौढांबरोबर मिळून गुन्हा केल्याचा आरोप असेल, तरच एफआयआर नोंदवायचा असतो. एरवी ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाकडे पाठवायचा असतो. अतिगंभीर म्हणजे ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे असा गुन्हा. बेड्या घालायच्या नाहीत, आणि मुलाशी बोलणारा पोलीस साध्या कपड्यांत असायला हवा.

साध्या कपड्यांचा हा नियम वाचून मी बराच वेळ थांबले होते. मुलापुढे गणवेश उभा राहिला की मूल खरे बोलत नाही, समोरच्याला जे हवे ते बोलते, हे कायदा लिहिणाऱ्यांना कळले होते. मला ते कळायला एक प्रसंग पाहावा लागला.

बंद खोलीतली चौकशी

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. शिक्षकखोलीतून फीचे पाचशे रुपये नाहीसे झाले आणि संशय सातवीतल्या एका मुलावर गेला, कारण त्याला निरोप घेऊन खोलीत पाठवले होते. मुख्याध्यापकांच्या ओळखीचे एक पोलीस जमादार होते. 'फक्त भीती दाखवायला' म्हणून त्यांना बोलावण्यात आले. त्यांनी मुलाला हातही लावला नाही, काठी टेबलावर आडवी ठेवली आणि विचारले, "घेतलेस ना?" तो मुलगा सदऱ्याचे शेवटचे बटण काढत होता, लावत होता, पुन्हा काढत होता. पाच मिनिटांत तो "हो" म्हणाला. कुठे ठेवलेस, असे विचारल्यावर त्याने तीन वेगवेगळ्या जागा सांगितल्या. दोन दिवसांनी पैसे हजेरीपटाच्या पुठ्ठ्याच्या आत सापडले. पुढच्या सत्रात तो मुलगा आमच्या शाळेत नव्हता. मी त्याच खोलीत वह्या तपासत बसले होते आणि एक शब्दही बोलले नव्हते, याचे दुःख मला आजही आहे.

असे मोठ्यांच्या बाबतीतही होते. सप्टेंबर २०१७ मध्ये गुरुग्राममधल्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाला. पोलिसांनी त्याच दिवशी शाळेच्या बसच्या वाहकाला पकडले आणि त्याने कबुली दिल्याचे जाहीर केले. पुढे तपास सीबीआयकडे गेला, तिने त्याच शाळेतल्या अकरावीच्या विद्यार्थ्याला ताब्यात घेतले आणि वाहक निर्दोष ठरला. प्रौढ माणसाची कबुली अशी मिळू शकते, तर बारा वर्षांच्या मुलाच्या 'हो'ला किती वजन द्यायचे?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न २०११ मध्ये आला होता. नॉर्थ कॅरोलायनात सातवीतल्या तेरा वर्षांच्या मुलाला शाळा-पोलिसाने वर्गातून उठवून एका खोलीत नेले. तिथे घरफोड्यांचा तपास करणारा पोलीस आणि शाळेचे पदाधिकारी बसले होते, दार बंद होते, आणि त्याची पालक असलेल्या आजीला कुणी कळवले नव्हते. अर्ध्या तासाहून अधिक वेळ प्रश्न विचारले गेले आणि त्याने कबुली दिली. मुलाला आपण इथून उठून जाऊ शकतो असे वाटत होते का, हे ठरवताना त्याचे वय लक्षात घ्यावेच लागेल, असे न्यायालयाने म्हटले. ज्याला लघवीला जायलासुद्धा परवानगी मागायची सवय लावली आहे, ते मूल मुख्याध्यापकांच्या खोलीतून आपण होऊन उठेल कसे?

"पण मुलांना धाक हवाच ना?"

हा आक्षेप माझ्या सहकाऱ्यांकडून सर्वांत जास्त येतो. त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत: वर्गात साठ मुले, घरी बोलायला कुणी नाही, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केलेली आहे. ज्या शिक्षकाला छडी टाकायला लावले पण तिच्या जागी काय वापरायचे ते शिकवले नाही, त्याला पोलिसाची काठी जवळची वाटली तर मी त्याला दोष देणार नाही. पण घरातले भांडण चावडीवर नेले की ते घरात मिटवायची शक्ती जाते, हे आपल्याकडे शहाणी माणसे सांगत आली आहेत. पोलिसाच्या नावाने गप्प बसलेला वर्ग शिक्षकाच्या हाती परत येत नाही. साठ मुलांच्या वर्गाला हवा आहे तो दुसरा शिक्षक आणि शाळेला हवा आहे तो समुपदेशक. त्यासाठीचा पैसा पोलिसाच्या पगारात गेला तर धाक तेवढा उरेल.

"पण कुणी चाकू किंवा बंदूक आणली तर?"

तर लगेच पोलीस बोलवावा. याबद्दल दुमत असू नये. प्रश्न एवढाच, की तो आधीपासून आत बसलेला असल्याने किती फरक पडतो. अमेरिकेचे उत्तर संमिश्र आहे. मे २०१८ मध्ये इलिनॉयमधल्या डिक्सन गावी शाळा-पोलिसाने बंदूकधारी तरुणाला वेळीच रोखले आणि मुले वाचली. त्याच वर्षी फेब्रुवारीत फ्लॉरिडातल्या पार्कलंडमध्ये नेमलेला सशस्त्र पोलीस इमारतीबाहेर थांबून राहिला आणि आत १७ जण मारले गेले. टेक्सासमधल्या युवाल्डीत २४ मे २०२२ रोजी १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. तिथे शाळांचे स्वतःचे पोलीस दल होते, एकूण ३७६ पोलीस जमले होते, आणि हल्लेखोराच्या वर्गात शिरायला त्यांना ७७ मिनिटे लागली. डेन्व्हर शहराने २०२० मध्ये शाळा-पोलीस काढायचे ठरवले आणि २०२३ मध्ये एका शाळेतल्या गोळीबारानंतर परत आणले. एकाच शहराची इतकी चलबिचल होते, यावरूनच या उपायाची खात्री देणे किती अवघड आहे ते दिसते.

आपल्याकडे बंदुका घरोघरी नाहीत, म्हणून तुलना बेतानेच करावी. मुलांच्या भांडणात चाकू निघतो, तेव्हा ते भांडण बहुधा आधीच कुठेतरी धुमसत असते: कुणाला तरी धक्का लागलेला असतो, कुणाचे तरी नाव समाजमाध्यमावर आलेले असते, आणि वर्गातल्या चारपाच मुलांना ते ठाऊक असते. त्या चारपाचांनी ज्या मोठ्या माणसाकडे जाऊन सांगावे, असा माणूस शाळेत असेल तर चाकू दप्तरात यायच्या आधीच प्रकरण थांबू शकते. तो माणूस खाकीतला असेल तर मुले सांगायला येतील, असे मला अनुभवावरून वाटत नाही.

आणि बडोद्याने शाळेतली मुले गमावली ती कशी, हे आपण विसरता कामा नये. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणीच्या मोटनाथ तळ्यात सहलीची बोट उलटून १२ मुले आणि दोन शिक्षिका बुडाल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त मुले बसवलेली होती आणि सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. शाळेच्या दारात उभा असलेला पोलीस ते थांबवू शकला नसता. तिथे मुले मोजणारा, जॅकेट नसेल तर बोट सोडू न देणारा माणूस हवा होता.

"मग शाळेने सगळे आतल्या आत मिटवायचे का?"

मुळीच नाही, आणि इथे मला अगदी कडक बोलायचे आहे. मुलाचे किंवा मुलीचे लैंगिक शोषण झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे कळले, तर ते पोलिसांना कळवणे पोक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याने, प्रत्येकाला बंधनकारक केले आहे. हाताखालच्या माणसाने केलेला असा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शाळेचे नाव खराब होईल, मुलीचे लग्न अडेल, शिक्षक जुने आहेत, यांपैकी कोणतेही कारण चालत नाही. आमच्या शाळांचे वागणे बहुतेक वेळा नेमके उलटे असते. पाचशे रुपयांसाठी जमादार येतो, आणि जिथे कायद्याने पोलीस बोलवायलाच हवा तिथे पालकांना खुर्ची देऊन चहा पाजून समजूत काढली जाते.

या कायद्यातही मुलाची काळजी घेतलेली आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही.

"मुलांची पोलिसांबद्दलची भीती जायला नको का?"

जायला हवी, आणि त्यासाठी चांगला मार्ग आहे. केरळने २०१० मध्ये 'स्टुडंट पोलीस कॅडेट' योजना सुरू केली, आणि जुलै २०१८ मध्ये ती देशपातळीवर आली. आठवी-नववीची मुले यात कवायत करतात, कायदा शिकतात, ठाणे पाहून येतात. इथे पोलीस शिकवायला येतो आणि तास संपला की जातो. मुलांना शिक्षा करणे, त्यांची चौकशी करणे हे त्याचे काम नसते. म्हणून ही ओळख निर्मळ राहते. फ्लिंटमध्ये ज्या हेतूने सुरुवात झाली होती तो हेतू असा साधतो, असे मला वाटते.

पालकसभेत विचारण्यासारखे

पोलीस नेमा ही मागणी करण्याआधी शाळेला काही गोष्टी विचारता येतील. कोणत्या प्रसंगी पोलीस बोलवायचा आणि कोणत्या प्रसंगी नाही, हे शाळेने लिहून ठेवले आहे का? पोलीस मुलाशी बोलणार असतील तर आई-वडिलांना आधी फोन जाईल का, आणि ते येईपर्यंत मुलाजवळ कोण बसेल? समुपदेशक आठवड्यातून किती तास असतो, की वेळापत्रकात नुसते नाव आहे? आणि आपल्या ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचे नाव मुख्याध्यापकांना माहीत आहे का?

शेवटचा प्रश्न मी स्वतःलाच विचारला, तेव्हा उत्तर येईना. अशा अधिकाऱ्यांची नावे आणि संपर्क ठाण्यात दिसतील असे लावावे, असा नियम आहे. म्हणून एका सकाळी मी आमच्या भागातल्या ठाण्यात गेले. फलकापाशी चष्मा पुसत उभी असताना एक बाई बाहेर आल्या आणि कोणते नाव शोधता म्हणून त्यांनी विचारले. त्या स्वतःच ती अधिकारी निघाल्या. कोणत्या शाळेतून आलात, असे त्यांनी विचारले. आता शिकवत नाही, पण नात तिथेच आहे, असे मी सांगितले. त्यांनी माझ्या पिशवीतल्या वाण्याच्या यादीच्या मागे आपला नंबर लिहून दिला. तो मी दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंना नेऊन दिला, आणि त्यांनी तो फोनशेजारच्या भिंतीवर, अग्निशामक दलाच्या नंबराखाली चिकटवला.